मी वाचून दाखवलेलं पत्र

लग्न का केलं नाहीस, तुझी सुरुवातीची गाणी लिहायचं कोण, तो माणूस पुढं कुठं गेला—हे मला आजवर किती जणांनी विचारलं असेल. प्रत्येकाला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. खरं एकालाही सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि आई तर आता राहिलीच नाही. आज तुम्हाला सांगतो. एका दमात जमेल असं वाटत नाही. मध्येच दुसरंच काहीतरी बोलत बसलो, तर समजून घ्या की जवळ आलोय आणि पुढं पाऊल पडत नाही.

मी गातो. आमच्या जिल्ह्यात जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्यात, कुणी गेल्यावर पुण्यानुमोदनाला मला बोलावतात. आवाज बरा आहे. तो कुठनं आला कुणास ठाऊक, घरात कुणी गाणारं नव्हतं.

कसबा बावड्यात पत्र्याची एक खोली, तीच चूल, तीच मोरी, तीच अभ्यासाची जागा. वडील साखर कारखान्यात हंगामात पोती उचलायचे. मी सातवीत असताना ते गेले. मग आई दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. मी तिची वाट बघत दारात बसायचो आणि कारखान्याचा भोंगा झाला की त्याच्या सुरात सूर मिळवायचो. भोंगा थांबला तरी माझा सूर तिथंच राहायचा. शेजारच्या बायका हसायच्या. पण मला पहिल्यांदा कळलं की आपल्याजवळ काहीतरी आहे. दप्तर नाही, चप्पल नाही—पण हे आहे.

दुसरंही एक होतं. ते मला चौदा-पंधराव्या वर्षी कळलं. वर्गातली पोरं ज्या नजरेनं पोरींकडं बघायची, त्या नजरेनं मी पोरांकडं बघतोय. त्याला आमच्याकडं एकच शब्द होता आणि तो शिवी होता. त्या काळात, नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, दुसरा शब्द मला कोण देणार होतं? मी चालताना हात कसे हलतात ते बघायला शिकलो. हसताना आवाज जाड करायला शिकलो. आणि नकला करायला शिकलो. सरांची, पुढाऱ्याची, दारुड्याची, कुणाचीही. जो सगळ्यांना हसवतो त्याच्याकडं कुणी निरखून बघत नाही, हे मला फार लवकर उमगलं होतं.

आमच्या वस्तीत आप्पांची गायन पार्टी होती. आप्पा एका ऑफिसात शिपाई होते आणि पेटी वाजवायचे. विलास ढोलकीला. मागं कोरसला चार जण. सोळाव्या वर्षी आप्पांनी मला पुढं बसवलं. म्हणाले, "पोरा, ह्यो गळा तुझ्या एकट्याचा न्हाई. समाजाचा हाय. जपून वापर." जपून वापर. हे शब्द मला आजही आठवतात, आणि कुठं तोंड लपवावं कळत नाही. त्या दिवसापासनं मला माझी जागा सापडली होती. माइकसमोर बसलो की मी गरीब नसायचो. आणि ते दुसरंही नसायचो. नुसता आवाज असायचो.

दिनकर भेटला तो इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरला. तिथं जयंतीचा कार्यक्रम होता. कार्यक्रम संपल्यावर एक किडकिडीत पोरगा स्टेजजवळ आला. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. केसांत, भुवयांत कापसाची पांढरी कुसं. यंत्रमागावर काम करणारी माणसं मोठ्यानं बोलतात—दिवसभर त्या खडखडाटात राहून तसंच होतं. हाही तसाच, ओरडूनच बोलला, "पावणं, आवाज झकास हाय. पण गाणी कसली गाताय ओ? सगळी भाषणंच की!"

मला राग आला. पण त्यानं खिशातनं एक चुरगळलेला कागद काढून दिला. मागाच्या हिशेबाच्या कागदामागं लिहिलेलं गाणं होतं ते. एका बाईवरचं. दिवसभर सुताच्या कांड्या भरणारी बाई पोराला पाटी घेऊन देते, एवढंच. मी ते घरी येऊन म्हटलं. आई चुलीपुढं बसली होती. ती मागं वळून म्हणाली, "हे कुणी रं लिवलंय? त्याला आई न्हाई वाटतं." खरंच नव्हती. तो लहान असतानाच गेली होती. थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला होता.

मग दिनकर दर रविवारी यायला लागला. इचलकरंजीहून एसटी पकडून तो दुपारी समाजमंदिरात, आमच्या पार्टीच्या तालमीच्या जागी, हजर व्हायचा. तो लिहायचा, मी चाल लावायचो. एखाद्या शब्दावरनं आमचं तास तास भांडण चालायचं. संध्याकाळी तो आमच्याकडं भाकरी खायचा. आई कागदावर अंगठा उठवते हे त्यानं एकदा बघितलं आणि पुढच्या रविवारी पाटी घेऊन आला. "मावशी, हात द्या हिकडं." तीन महिने लागले. आईच्या बोटांना खुरपं धरायची सवय, खडू मोडायचा. पण एका रविवारी तिनं स्वतःचं नाव पाटीवर लिहिलं आणि मग ती पाटी कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसली. दिनकर म्हणाला, "मावशी, ह्यावर गाणं लिवणार बघा मी."

आम्ही दोघं एकदा नृसिंहवाडीला गेलो होतो. देवाला नव्हे, आम्ही बौद्ध कुठले जातोय, नदी बघायला. भर दुपारी घाटाच्या खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलो. पाण्याखाली त्याचा पाय माझ्या पायाला लागला. मी काढला नाही. त्यानंही काढला नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. एवढंच. तुम्हाला वाटेल, एवढंच? हो. माझ्या उभ्या आयुष्यात त्याच्याहून जास्त काही घडलेलं नाही.

सहाव्या दिवशी त्याचं पत्र आलं. दोन पानं. आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. तरी मी ते तिच्यासमोर उघडलं नाही. समाजमंदिरात कुणी नसताना, दार लोटून वाचलं. पुन्हा वाचलं. पंधरा दिवस रोज वाचत होतो. असं मला कुणी काही लिहिलं नव्हतं. पाठच झालं होतं सगळं. त्यात एक ओळ होती—"वाडीला पाण्यात माझा पाय तुझ्या पायाला लागला आणि तू काढून घेतला नाहीस. त्या एका गोष्टीवर मी हा आठवडा काढला."

मी उत्तर लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? म्हटलं, रविवारी येईल, तेव्हा बोलू. रविवारी तो आला, आणि मी चालीबद्दलच बोलत बसलो. त्यानंही विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. माझ्या तोंडाकडं मात्र बघायचा.

एका खोलीच्या घरात काही लपवायला जागा नसते. पत्र मी समाजमंदिरात, आप्पांच्या पेटीच्या खोक्यात, आतल्या अस्तराखाली ठेवलं होतं. फाडून का टाकलं नाही? टाकवलं नाही, दुसरं काय.

आता सांगायलाच पाहिजे.

पुढच्या रविवारची दुपार, समाजमंदिरात तालीम. दिनकरची एसटी अजून यायची होती. पेटीचा एक सूर चिकटत होता म्हणून आप्पांनी विलासला खोक्यातला पेचकस काढायला सांगितलं. पेचकस अस्तराखाली गेला होता. विलासनं हात घातला आणि कागद बाहेर काढला. त्यानं घडी उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "प्रिय रवी..." दोन ओळी मनातल्या मनात वाचून त्यानं माझ्याकडं बघितलं. मग कोरसच्या पोरांनी बघितलं. मग आप्पांनी.

"कुणाचं रं पत्र?" आप्पा म्हणाले.

किती वेळ होता माझ्याजवळ? श्वास घेण्याएवढा. त्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं ते मी सांगू शकतो—ती शिवी, आईचं तोंड, माइक, माझी जागा. पण ते सांगून काय उपयोग. मी हसलो. अगदी नेहमीसारखा. म्हणालो, "अवो, त्या कबनूरच्या येड्याचं हाय. माझ्या मागंच लागलाय. आणा हिकडं, वाचून दावतो."

मला कुणी वाच म्हटलं नव्हतं. हे लक्षात ठेवा. कुणीच म्हटलं नव्हतं.

मी उभा राहिलो आणि ते पत्र दिनकरच्या आवाजात वाचलं. त्याचं ते ओरडून बोलणं, शब्दाशब्दाला मान हलवणं, भुवईवरची कुसं झटकणं—सगळी नक्कल केली. पहिल्या ओळीला विलास हसला. तिसऱ्या ओळीला सगळे हसायला लागले. आप्पाही तोंडाला टॉवेल लावून हसले. आणि मला बरं वाटायला लागलं. हशा मिळायला लागला की मला थांबता येत नाही. कुठं थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, हे मला येतंच होतं.

वाडीची ओळ आली. ती तशीच वाचली असती तर मी सापडलो असतो. मी न अडखळता वाचलं, "माझा पाय तुझ्या पायाला लागला आणि तू काढून घेतलास. तरी त्यावर मी हा आठवडा काढला." हशाचा नुसता फवारा उडाला.

तेव्हाच मला दारात दिनकर दिसला. कधीपासनं उभा होता माहीत नाही. हातात वही. घाम आलेला, एसटी स्टँडवरनं चालतच आला असावा. आमची नजरानजर झाली. अजून अर्धं पान राहिलं होतं.

मी थांबलो नाही.

अर्धं पान मी त्याच्याकडं बघत, त्याच्याच आवाजात वाचलं. शेवटी त्याची सही होती, तीसुद्धा वाचली. तोवर बाकीच्यांनी त्याला बघितलं होतं आणि हसणं बंद झालं होतं. शेवटच्या ओळींना माझा एकट्याचाच आवाज होता.

आप्पा उठले. चिडून नव्हे, जरा ओशाळूनच त्यांनी विचारलं, "दिनकर, हे तूच लिवलंयस?"

"व्हय."

"आणि ह्या पोराचं काय?"

तो एक शब्द बोलला असता तर मी गेलो असतो. पत्रातली ती ओळ तुम्हीच वाचून बघा, असं आप्पांना म्हणाला असता, तरी पुरलं असतं. दिनकर म्हणाला, "त्याचं काय न्हाई ह्यात. माझंच डोस्कं फिरलंतं." मग तो आत आला, वहीतला एक कागद फाडून पेटीवर ठेवला आणि निघून गेला. कुणी त्याला हात लावला नाही. विलास एवढंच म्हणाला, "चांगला सुटलास गड्या." कोरसमधल्या एकानं माझ्या पाठीवर थाप मारली.

कागदावर आईच्या सहीचं गाणं होतं.

विलासची सासरवाडी कबनूरची. आठवड्यात तिथं सगळ्यांना कळलं. दिनकरला मागाच्या मालकानं कामावर येऊ नको सांगितलं, आणि त्याच्या बहिणीच्या नवऱ्यानं त्याला रस्त्यावर मारलं, असं विलासनंच हसत हसत सांगितलं. मग तो भिवंडीला गेला. मागच चालवायला.

आई दर रविवारी विचारायची, "दिनकर आला न्हाई?" मी म्हणायचो, काम लागलंय लांब. दोन-तीन महिने ती विचारत राहिली. एकदा म्हणाली, "तुमचं काय वाजलं असंल तर तू जा. त्यो यायचा न्हाई, त्येचा सोभाव न्हाई तसा." मी म्हणालो, तसं काही नाही. तिनं परत विचारलं नाही.

ते गाणं मी गायलो. गाणार नव्हतो, पण दुसरं एवढं चांगलं गाणं जवळ नव्हतं. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं. त्यात होतं, "दिनकर म्हणे, माझ्या मायनं आज सही केली." मी म्हटलं, "रवी म्हणे." दिनकरच्या जागी रवी पुरत नाही, तोकडं पडतं. म्हणून मी "वी"वर एक लांब तान घेतली. लोकांना ती तान फार आवडली. पुढं दोन हजारच्या आसपास कॅसेट निघाली, त्यात ते पहिलंच गाणं. आजही त्या तानेला टाळ्या पडतात.

कॅसेट घरी लावली तेव्हा आईनं शेवटपर्यंत ऐकली. म्हणाली, "हे दिनकरनं लिवलंय."

"व्हय."

"मग नाव तुझं कसं?"

"गाणाऱ्याचंच घालत्यात, आई."

ती उठून भांडी घासायला गेली. पुढं कधीही कुठं सही करायची वेळ आली, बँकेत, दवाखान्यात, ती समोरच्याला सांगायची, "दिनकरनं शिकिवलंय मला." समोरच्याला कळायचं नाही कोण दिनकर. मी शेजारी उभा असायचो.

आई गेल्यावर वर्षभरानं मला कळलं की दिनकर कबनूरला परत आलाय. दोन हजार सातचा सुमार असेल. संध्याकाळी शिरोळला माझा कार्यक्रम होता. मी मुद्दाम सकाळीच निघालो आणि विचारत विचारत त्याच्या शेडवर गेलो. दुपारची सुट्टी होती, माग बंद होते. तो एकटाच दाराशी डबा खात बसला होता. केस वयाआधीच पिकलेले. आता ते कापसानं पांढरे नव्हते. मी समोर उभा राहिलो. त्यानं वर बघितलं आणि डबा थोडा बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.

मी म्हणालो, आई गेली. तो म्हणाला, कळलं मला. मी माफीचं बोलणार होतो, सगळं मनात जुळवून गेलो होतो. त्यानं बोलू दिलं नाही. म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ दे. लई वर्सं झाली. मला एकच इचारायचंय."

"विचार की."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. त्याला आता कमी ऐकू येत होतं, माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "त्या दिवसाच्या आदी, एकटा असताना, कदी वाचलं हुतंस का त्ये पत्र?"

बघा आता. पंधरा दिवस रोज वाचलं होतं मी ते. पाठ होतं म्हणूनच ती ओळ न अडखळता फिरवता आली होती. आणि हा माणूस दुसरं काही मागत नव्हता. आपण लिहिलेलं एकदा तरी, दार लोटून, नीट वाचलं गेलं होतं का—एवढंच त्याला हवं होतं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. आप्पा नव्हते, विलास नव्हता, आई नव्हती. भ्यायचं तरी कुणाला?

"नाही," मी म्हणालो. "तिथंच पहिल्यांदा वाचलं."

त्याला ऐकू गेलं नाही. तो पुढं झुकला. "आं?"

मी मोठ्यानं म्हणालो, "तिथंच. पहिल्यांदा."

"असंल," तो म्हणाला. मग त्यानं डबा पिशवीत घातला आणि सुट्टी संपायची होती तरी उठून आत गेला. एक माग सुरू झाला, मग दुसरा.

मी इचलकरंजीच्या स्टँडवर येऊन एसटी धरली आणि शिरोळला वेळेत पोचलो. कार्यक्रम चांगला झाला. आवाज त्या दिवशी छान लागला होता.